थाई बेसिल, व्हाया यवतमाळ

पुण्यात थाई रेस्टॉरंटमध्ये जायचं, ग्रीन करी मागवायची, तिच्यातलं एखादं पान बाजूला काढून हुंगायचं आणि 'वॉव' म्हणायचं, हा आमच्या ग्रुपचा वीकेंडचा ठरलेला कार्यक्रम. त्या पानाचं नाव थाई बेसिल. जांभळे देठ, बडीशेपेसारखा वास. एक दिवस झटका आला आणि बियांचं पाकीट घेऊन टाकलं. पण लावणार कुठे? माझ्या बाल्कनीत वॉशिंग मशीन आणि रूममेटची सायकल! मग जूनमध्ये रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली आणि सकाळी घरी हजर. यवतमाळला.

खरं सांगू? पाकीट हे निमित्त होतं. २०१८च्या उन्हाळ्यात आमचं निळोणा धरण आटलं, गावभर टँकर फिरले. आईनं अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालणं बंद केलं. मोगरा गेला, सांभार गेला (आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात बरं का). वाचली ती एकटी तुळस, तांदूळ धुतलेल्या पाण्यावर. पुढे पाऊस झाला, पण आईनं पुन्हा काही लावलं नाही. कुंड्या भिंतीशी उपड्याच. विषय काढला की म्हणायची, "लावाचं अन् डोळ्यापुढं वाळू द्याचं, सांगितलं कोनं?"

पाकीट बघून तिनं काही न बोलता चिमूटभर बिया वाटीतल्या पाण्यात टाकल्या. थोड्या वेळात प्रत्येक काळ्या दाण्याभोवती पांढुरकी जेली! "हा तं सब्जा होय! याच्यासाठी पैसे दिले तू?"

आईचं फारसं चुकलं नव्हतं. फालुद्यातला सब्जा, पास्त्यावरचं स्वीट बेसिल आणि थाई बेसिल ही एकाच जातीची झाडं, फक्त वाण वेगळे. पुढची गंमत म्हणजे, थायलंडमध्ये 'पाद क्रपाव' नावाचा झणझणीत प्रकार मिळतो. त्यात पडणारी पानं चक्क आपल्या तुळशीच्या जातीची. हे ऐकल्यावर आई म्हणाली, "तुळस? कोंबडीत?" आणि वृंदावनाकडे बघून तिनं हात जोडले.

पण संध्याकाळी एक कुंडी सरळ झाली.

आमची काळी माती कपाशीला भारी, कुंडीला मात्र त्रास. ओली असली की चिकट, वाळली की भेगा. आईनं एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू असं मिसळलं. बिया वरच पेरून चिमटीनं माती भुरभुरली, हातानं पाणी शिंपडलं आणि पावसाचा मार नको म्हणून कुंडी पडवीच्या कडेला उजेडात ठेवली. मी पुण्याला परतले. सहाव्या दिवशी फोन. "आले बापा!"

तुम्हालाही ट्राय करायचंय? मग तीन गोष्टी लक्षात ठेवा. पाणी बेतानं, नाहीतर कोवळी रोपं बुडातून कुजतात. पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की रोपं वेगवेगळ्या कुंड्यांत लावा. वीतभर वाढली की शेंडे खुडा, म्हणजे झाड पसरतं. आणि आमच्यासारखं मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत तापणारं गाव असेल, तर पावसाळ्यातच पेरा.

ऑगस्टमध्ये पुन्हा गेले. निळोण्यावर चक्कर मारली, छान पाणी होतं. घरी अंगणात नऊ कुंड्या सरळ उभ्या! मी बाटलीतल्या पेस्टची ग्रीन करी केली. आईनं दोन घास खाल्ले आणि "वास चांगला आहे" एवढंच म्हणून उरलेली पानं तुरीच्या वरणात टाकली. वरण सॉलिड झालं होतं!

निघताना एका झाडाला जांभळे तुरे आलेले दिसले. मी म्हटलं, "आई, हे खुडून टाक. फुलं आली की पानं कमी होतात."

तिनं माझा हात बाजूला केला. "राहू दे. पुढच्या वर्षाले बी नाही लागन का?"