मेणबत्ती पेटवा, पण बाजूचं दार उघडा

पवित्र शनिवारी आमच्या वसईतल्या एका जुन्या चर्चमध्ये पास्काविधीला होतो. दिवे बंद, प्रत्येकाच्या हातात पेटती मेणबत्ती. पुढच्या बाकावरच्या आजी वळल्या आणि पदर नातवाच्या ज्योतीला लागला. मी हातानेच विझवला. रुपयाएवढं भोक पडलं, बस्स. आजी हसल्या. मला मात्र घाम फुटला, कारण बाजूच्या दाराला कुलूप होतं.

वर सागवानी छप्पर, खाली लाकडी बाकं. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसच्या नोत्र दामचं छप्पर जळालं. तिथे मेणबत्तीचा दोष सिद्ध झालेला नाही. पण अलार्म वाजल्यावर रखवालदार आधी भलत्याच जागी गेला आणि जवळपास अर्धा तास वाया गेला. नुसतं यंत्र असून भागत नाही, कुठे धावायचं ते माणसाला ठाऊक हवं.

आपल्याला लाखोंचा खर्च नकोय. मेणबत्त्या वाळूच्या ट्रेमध्ये लावा. फुलं, पडदे लांब ठेवा. पेटलेल्या मेणावर पाणी ओतू नका, भडका उडतो. सिलिंडरची तारीख बघा. शेवटची ज्योत विझल्याशिवाय कुलूप नको, आणि मिस्सा चालू असताना तर कुठल्याच दाराला नको.

फादरांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं बोललात, चावी तुम्हीच ठेवा."

ठेवली. पण मी एखाद्या रविवारी आजारी पडलो तर? येत्या रविवारी मिस्सेनंतर दहा मिनिटं थांबा. सिलिंडर कसा चालवायचा ते सगळेच शिकू.