लांब शब्दांचे हिज्जे

दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवलेली मुलगी अकरावीचे इंग्रजी पुस्तक चाळते आणि म्हणते, "सर, आर्ट्सच बरं." दरवर्षी हे ऐकून आम्हाला वाईट वाटते. तिला विज्ञान जड नसते. जड असतात ते हातभर लांबीचे शब्द.

खरे तर आपल्या मुलांकडे यावरचा उपाय आहे. लहानपणी कायदा शिकताना त्यांनी हिज्जे केलेले असतात. आधी तुकडे, मग जोडून रवानीने वाचन. इथेही तेच करायचे. फो-टो-सिन-थे-सिस. पाच तुकडे, पाच टाळ्या. 'सायकॉलॉजी'च्या सुरुवातीला 'पी' लिहितात, पण उच्चारत नाहीत, याचे मुलांना हसू येते. मग आम्ही फळ्यावर उर्दूत 'बिल्कुल' लिहितो. त्यातला अलिफ तरी कुठे ऐकू येतो?

ही झाली उच्चाराची फोड. दुसरी अर्थाची. असे अनेक शब्द ग्रीक तुकड्यांचे बनलेले असतात. फोटो म्हणजे प्रकाश, सिन म्हणजे एकत्र, थेसिस म्हणजे मांडणे. आपला 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्दही असाच घडला आहे. मात्र दोन्ही फोडी नेहमी जुळत नाहीत. बोलताना थर-मॉ-मि-टर, पण अर्थासाठी थर्मो आणि मीटर, म्हणजे उष्णता आणि माप. म्हणून आम्ही शब्दाखाली दोन ओळी लिहून घेतो.

आणि ग्रीक आपल्याला परकी कुठे आहे? उर्दूतले जुगराफिया, फलसफा, मौसीकी हे शब्द तिथूनच अरबीमार्गे आले. बुकरात आणि जालीनूस हे ग्रीक हकीमच. इसवी सनाच्या 9व्या शतकात बगदादमध्ये हुनैन बिन इसहाक या ख्रिस्ती हकिमांनी जालीनूसचे ग्रंथ भाषांतरित केले आणि डोळ्याच्या विकारांवर स्वतः अरबीत लिहिले. ग्रीकमध्ये डोळ्याला 'ऑफ्थॅल्मॉस' म्हणतात. डोळ्यांच्या दवाखान्याच्या पाटीवरचा ऑफ-थॅल-मॉ-ल-जी हा शब्द त्यातूनच आला.

आईवडिलांना इंग्रजी येत नसले तरी हरकत नाही. मूल अडले की शेजारी बसून एवढेच म्हणावे, "बेटा, हिज्जे कर." रोज दोन शब्द पुरेत. अकरावीची शाखा मुलांनी आवडीने निवडावी, शब्दांच्या धाकाने नव्हे.