रामाचा दिवस, कृष्णाची रात्र

मुलांनो, शाळेच्या सहलीत तुम्ही एखादा राजवाडा पाहिला असेल. तिकीट काढायचं, रांगेनं फिरायचं, ‘हात लावू नये’ ही पाटी वाचायची की झालं! पण त्याच राजवाड्याच्या आवारात रात्री मुक्काम करायला मिळाला तर?

मी आणि माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत सावंतवाडीला गेलो. पार्ल्याहून लोकलनं दादर, तिथून मध्यरात्रीची तुतारी एक्स्प्रेस. स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा करावी लागते.

मोती तलावासमोर जांभ्या दगडाचा लालसर राजवाडा उभा आहे. तिसरे खेमसावंत (1755 ते 1803) यांच्या काळातला. भोसले घराण्यातली मंडळी आजही इथंच राहतात आणि आवारातल्या काही खोल्या पाहुण्यांना देतात. फुकट नव्हे हं! आम्ही एकच रात्र राहिलो, दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं साध्या लॉजवर गेलो.

“मावशी, राजाच्या घराचं हॉटेल? कसंतरीच वाटतं,” भाचा म्हणाला. मला नाही तसं वाटत. कोकणातला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. एवढ्या मोठ्या घराची डागडुजी दरवर्षी निघते, तिला पैसा कुठून आणायचा? आमच्या पार्ल्यात अंगणाचे, आंब्याफणसाचे किती बंगले होते! एकेक करून पडले, तिथं इमारती आल्या. इटलीत जुन्या शेतवाड्यांतली घरं सुट्टीसाठी पाहुण्यांना देतात, त्यासाठी 1985 साली तिथं कायदाच झाला. पाहुणे येतात म्हणून घरं टिकतात आणि शेतीही चालू राहते.

सावंतवाडीत शेतीच्या जागी आहे गंजिफा. म्हणजे गोल पत्ते! दशावतारी गंजिफाच्या डावात 120 पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. चिंचोक्याची खळ लावून कागद-कापडाच्या चकत्या कडक करायच्या, मग बारीक कुंचल्यानं चित्र काढायचं आणि वर लाखेचा थर द्यायचा.

छापील पत्ते आले आणि हे काम मागं पडलं. जाणते चितारी फार थोडे उरले. तेव्हा, 1970 च्या दशकात, शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ही कला वाचवायचं मनावर घेतलं. राणीसाहेब स्वतः एका वयोवृद्ध चिताऱ्याकडून शिकल्या आणि चक्क दरबार हॉलमध्ये कलाकारांना बसवलं! त्या 2018 मध्ये गेल्या. सावंतवाडीच्या गंजिफाला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आम्ही गेलो तेव्हा एक ताई मान खाली घालून रंगवत होत्या. भाचा जवळ गेला, पाठीमागं हात बांधून. (शाळेच्या सहलीतली सवय!) ताईंनी एक पान त्याच्या तळहातावर ठेवलं. पाच मिनिटं तो बोलला नाही.

रात्री खोलीत आम्ही डाव मांडला. नियम कठीण आहेत; निम्म्या रंगांत दहा मोठा, निम्म्यांत एक्का. आमच्या चुकाच जास्त झाल्या. पण एक नियम भाच्याला फार आवडला. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा.

भाच्यानं खिडकीबाहेर पाहिलं. तलावाच्या पाण्यात दिवे हलत होते.

“रात्र आहे,” तो म्हणाला, आणि कृष्णाचा राजा खाली टाकला.