लांडगा, कुत्रा आणि एक मर्ज

पुण्याजवळच्या माळरानावर काही वर्षांपूर्वी एक लांडगा दिसला, रंग जरा वेगळाच, पिवळसर. शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला आणि २०२३ मध्ये निकाल जाहीर झाला: याच्यात कुत्र्याचं रक्त आहे!

हे ऑफिसात चहाला सांगितलं तर मित्र म्हणाला, "मग बिघडलं काय? मिक्स ब्रीड चिवट असतात ना?"

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही हं. घोडा आणि गाढव यांच्या खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत, गोष्ट तिथेच संपते. लांडगा-कुत्र्याच्या पिल्लांना मात्र पुढे पिल्लं होतात, म्हणजे एकाचे जीन्स दुसऱ्याच्या कळपात कायमचे शिरू शकतात. आणि कधी कधी ते फायद्याचंही ठरतं. अमेरिकेतल्या यलोस्टोनमधले जवळपास निम्मे लांडगे काळे आहेत. हा काळा रंग फार पूर्वी कुत्र्यांकडून आला, असं २००९ मध्ये सिद्ध झालं. गंमत म्हणजे, डिस्टेंपरची साथ आली की काळे लांडगे जास्त तगतात, हे २०२२ च्या अभ्यासात दिसलं. म्हणजे मित्राचं म्हणणं अगदीच चूक नाही.

पण! तिथे एक जीन आला आणि हजारो वर्षांच्या निवडीने तो पारखला गेला. आमच्या भाषेत, एक छोटा पॅच, भरपूर टेस्टिंग करून घेतलेला. आपल्याकडे भारतात लांडगे उरलेत जेमतेम ३ हजारांच्या आसपास आणि भटकी कुत्री कोट्यवधी. असा मर्ज झाला तर मूळ कोडच हरवायचा! शिवाय भारतीय लांडगा हा जगातल्या सर्वांत जुन्या लांडगावंशांपैकी एक. त्याचा बॅकअप कुठेही नाही.

कुत्री माळावर येतात कशी? आपला कचरा पोचतो तिथे कुत्री पोचतात. गवताळ माळाला सरकारी कागदांवर 'पडीक जमीन' म्हणतात, मग तिथे प्लॉट पडतात. कळप विरळ झाला की एकट्या लांडग्याला जोडीदार म्हणून कुत्राच भेटतो. कुत्र्यांमुळे रेबीज आणि डिस्टेंपर येतात ते वेगळंच.

तेव्हा मित्रा, संकर वाईट नसतो. तो कोणाच्या अटींवर होतोय, हे महत्त्वाचं. पुढच्या वीकेंडला सासवड-सुप्याकडे गेलात तर उरलेली बिर्याणी माळावर टाकू नका, एवढं तरी नक्की करता येईल. बाकी कचरा आणि कुत्र्यांची नसबंदी याबद्दल आपल्या नगरसेवकाला विचारायला काय हरकत आहे?