चला, गरवायला!

दोस्तांनो, सुट्टीत कोकणात गेलात की समुद्रावर तुम्ही काय करता? वाळूचे किल्ले, शंख-शिंपले, लाटांत उड्या आणि परतताना भेळ. हो ना? आमच्या आजोळी, मालवणजवळच्या देवबागला, आम्हा पोरांचा आणखी एक उद्योग असायचा. गरवण्याचा! गरी म्हणजे गळ, आणि गरी टाकून मासे धरणं म्हणजे गरवणं. त्याला होडी लागत नाही, जाळं लागत नाही, महागडी काठीसुद्धा लागत नाही. एक दोरी, चिमूटभर अक्कल आणि पोतंभर धीर एवढ्यावर काम भागतं.

देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, यांच्या मधली चिंचोळी पट्टी. तिथल्या वाळूत उभं राहून मामाने मला गरवायला शिकवलं. आता मी स्वतःच मामा झालोय आणि दर सुट्टीत भाचरांचे प्रश्न झेलतोय. तेव्हा त्यांना सांगतो तेच तुम्हालाही सांगतो.

आधी सामान बघू. तीस-चाळीस मीटर तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक, पारदर्शक दोरी. ती एखाद्या फळीवर नाहीतर रिकाम्या बाटलीवर नीट गुंडाळायची. टोकाला पन्नास-साठ ग्रॅमचं शिसं बांधायचं. त्याच्या वर वीतभर अंतरावर आखूड फाटा काढून त्याला लहान गळ बांधायचा. आमिष म्हणून सोललेली सुंगटं, म्हणजे छोटी कोळंबी, नाहीतर तिसऱ्यांचं मांस. तुकडा करंगळीच्या नखाएवढा पुरे. मोठा तुकडा लावला की मासे कडेकडेने कुरतडून नेतात आणि आपण रिकामा गळ धरून बसतो!

आता, जायचं कधी? इथे आजीचं कॅलेंडर उपयोगी पडतं. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. आज पंचमी असेल, तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. कृष्ण पक्षातही हाच हिशोब. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी, आणि दोन्हींच्या मधे ओहोटी. मिनिटाचा हिशोब यात नाही, पण कोकणातली माणसं पिढ्यान् पिढ्या यावरच समुद्रावर जात आली आहेत. पुनवेला-अवसेला भरती मोठी, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, तो भांग. गरवायला चांगली वेळ म्हणजे भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक. त्यातही ती वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची आली, तर काय विचारता!

भरतीलाच का? तर ओहोटीत उघड्या पडलेल्या वाळूत किडे, कुर्ल्या, शिंपले लपलेले असतात. चढतं पाणी ती वाळू घुसळतं आणि माशांना जेवण वाढून मिळतं. लाट फुटते त्याच्या अलीकडे, किनाऱ्याला समांतर अशी एक खळगी तयार होते. आपलं शिसं त्या खळगीत पडायला हवं. म्हणजे किती लांब? पुष्कळदा वीस-पंचवीस पावलंच! नवशिका जीव खाऊन लांब फेकतो आणि मासा त्याच्या पायापाशी चरत असतो.

फेकण्यापूर्वी मागे बघा. मागे कुणी उभं नाही ना? मग दोरीची सैल वेटोळी कोरड्या वाळूवर मोकळी ठेवा, शिशाला दोन-तीन गिरक्या द्या आणि सोडा. शिसं तळाला टेकलं की सैल दोरी ओढून घ्या आणि ताठ दोरी तर्जनीवर नुसती टेकवून ठेवा. बोटाला गुंडाळायची मात्र नाही. मोठा मासा लागला तर तंगूस सुरीसारखा कापतो. मग वाट बघायची. लाटेची ओढ संथ असते. माशाची 'टुक् टुक्' वेगळी असते. पहिल्या टुक्‌ला हिसडा दिला की मामा म्हणायचा, "रे, घाय करू नको. त्येका वायच खावक तरी दी!" दोरी जरा जड लागली की मगच एक छोटा झटका द्यायचा आणि न थांबता ओढत आणायचं.

वाळूच्या किनाऱ्यावर बहुतेक वेळा सापडते ती मुडदुशी. लांबट, चंदेरी, टोकदार तोंडाची. चाहूल लागली की वाळूत घुसून बसणारी. हॉटेलात तिलाच 'लेडी फिश' म्हणतात. कधी छोटी तांबोशी मिळते, कधी शिंगाळा. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना करवतीसारखे विषारी काटे असतात. पाकटाच्या शेपटीतही तसाच काटा असतो. या दोघांना मुलांनी हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची. काटा टोचलाच, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. आणि फुग्यासारखा फुगणारा केंड मिळाला तर तो कधीच खायचा नाही. तो शिजवला तरी त्याचं विष जात नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या दहा वर्षांच्या भाचीला पहिली मुडदुशी लागली. जेमतेम तिच्या तळहाताएवढी. आनंदाने नाचायचं सोडून ती गप्प उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, हिला दुखतंय का रे?"

मित्रांनो, या प्रश्नाला हसून टाळू नये. मी म्हटलं, "दुखतंय असंच धरून चालायचं. म्हणून जे करायचं ते पटकन करायचं." खायचा असेल तर मासा वाळूत तडफडत ठेवायचा नाही, मोठ्यांनी त्याला लगेच मारायचं. सोडायचा असेल तर आधी आपले हात ओले करायचे, कारण कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रक्षण करत असतो. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून ठेवला असेल तर गळ अलगद सुटतो. भाचीने हात ओले केले, मुडदुशी पाण्यात धरली आणि बोटं उघडली. मागून माझी आई म्हणाली, "आज मग कालवण कसलं करू?" भाची म्हणाली, "मोठी मिळाली तर मुडदुशीचं, नाहीतर बटाट्याचं." त्या दिवशी बटाटाच झाला!

लहान मासा सोडणं हा नुसता दयाळूपणा नाही. एकदा तरी अंडी घालण्याआधीच मासे धरले, तर पुढच्या वर्षी येणार कुठून? 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने 54 जातींच्या माशांसाठी धरण्याची किमान लांबी ठरवून दिली, ती याचसाठी. मासा हा आपला सुट्टीतला खेळ असला, तरी त्याच किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांची ती भाकरी आहे. होडीतून अर्धगोल जाळं टाकून दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढतात, ती रापण. रापण लागली की आपली दोरी मुकाट्याने गुंडाळायची आणि विचारून जाळ्याला हात लावायचा. आम्हाला त्याबद्दल ओंजळभर मासे मिळायचे, वर चार गोष्टी शिकायला मिळायच्या त्या वेगळ्याच.

तुटलेला तंगूस वाळूत टाकून येऊ नका. तो वर्षानुवर्षं कुजत नाही. पक्ष्यांचे पाय आणि कासवांचे पंख त्यात अडकतात. तुकडे खिशात घालून घरी आणा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकट्याने जायचं नाही, पोहता येणारं मोठं माणूस बरोबर हवंच. पाण्यात गुडघ्याच्या वर शिरायचं नाही आणि समुद्राकडे पाठ करायची नाही. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधलाच पट्टा शांत दिसतोय, तर तिथून पाणी आत ओढत असतं. तिथे पाऊलही टाकू नका. चुकून ओढले गेलातच तर ओढीविरुद्ध झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहा आणि ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे वळा. पावसाळ्यात आणि नदीच्या मुखाशी गरवणं नकोच. गळ बोटात रुतला तर उपटू नका, सरळ दवाखान्यात जा.

एवढं सगळं करून मासा नाही मिळाला तर? आमचा मामासुद्धा पुष्कळदा रिकाम्या हाताने घरी यायचा. पण तेवढ्यात वारा कुठून येतो, पाणी कधी फिरतं, कुर्ली कुठे बीळ करते हे तो बघून आलेला असायचा. तुम्हीही बघा. आणि कॅलेंडर काढून आजची भरती किती वाजता, ते आत्ताच सांगा पाहू!