नदीकाठची पाटी

अमेरिकेत रस्त्याकडेला स्थानिक इतिहास सांगणाऱ्या पाट्या जागोजागी आढळतात. बहुतेकांपुढे वाटसरू क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. मिसिसिपी राज्यातील टॅलाहॅची नदीकाठची पाटी मात्र काहींना साहवली नाही. १९५५ साली एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. त्याचा देह या नदीत सापडला. सर्व गोऱ्या ज्यूरीने दोघा आरोपींना निर्दोष सोडले. पुढे त्यांनीच पैसे घेऊन एका नियतकालिकाजवळ हत्येची कबुली दिली.

ही पाटी २००८ मध्ये चोरीस गेली. दुसरीवर गोळ्या झाडल्या गेल्या, तिसरीवरही. खतावणीचे पान फाडल्याने देणे फिटत नाही, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. २०१९ मध्ये चौथी उभी राहिली: पोलादी, सुमारे ५०० पौंड वजनाची, गोळीस दाद न देणारी.