नोव्हेंबर संपताना

1 जानेवारी 2025च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारातून बारा कंटेनर पिथमपूरकडे निघाले. 337 टन विषारी कचरा, चाळीस वर्षं इथंच पडलेला. टीव्हीवर ती रांग बघताना मला श्रीलंकेच्या त्या आजी आठवत राहिल्या.

परदेशी पाहुण्यांना भोपाळ दाखवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यात वर्षातून एक अवघड आठवडा येतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सांचीला सारिपुत्त आणि महामोग्गलान या बुद्धशिष्यांच्या अस्थी दर्शनासाठी बाहेर काढतात, तेव्हा पांढऱ्या कपड्यांतले यात्रेकरू येतात. पाठोपाठ कार्बाइडच्या गॅसकांडाची बरसी, तेव्हा कॅमेरेवाले. या कॅमेरेवाल्यांवर माझा राग आहे. त्यांना डोळे गेलेली बाई हवी असते, धापा टाकणारा म्हातारा हवा असतो. त्या बाईनं पुढं केलेला चहा घ्यायला मात्र वेळ नसतो. बडा तालाब गाडीच्या काचेतून दिसला तर दिसला.

आजी यात्रेकरूंपैकी. दर्शन झाल्यावर स्तूपाच्या कठड्यापाशी थांबल्या आणि काय कोरलंय ते विचारू लागल्या. मला ठाऊक होतं तेवढं सांगत गेले: हे दान उज्जैनच्या कुणाचं, हे एका भिक्षुणीचं, आणि दक्षिणेच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी आपल्या कामाची नोंद ठेवलीय. कुणी दगडाची एकच पट्टी दिली असेल, तरी दात्याचं नाव दोन हजार वर्षं टिकलंय.

तिथून त्यांनी जे. पी. नगरला न्यायला सांगितलं. तिथं कार्बाइडच्या कारखान्यासमोर मूल कवटाळलेल्या आईचं शिल्प आहे. 1985मध्ये ते घडवलं तेही परदेशातून आलेल्या एका बाईनं, डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी. आजींनी शिल्पाला प्रदक्षिणा घातली, चौथऱ्याच्या चारही बाजू पाहिल्या आणि मला विचारलं, "नावं कुठं आहेत?"

सांचीच्या त्या अस्थींचाही प्रवास लांबचा. 1851मध्ये कनिंगहॅम आणि मेसी यांनी या टापूतले स्तूप उकलले, अस्थी विलायतेला गेल्या. मागणी लावून धरली गेली, तेव्हा त्या परतल्या आणि 30 नोव्हेंबर 1952ला नेहरूंच्या उपस्थितीत नव्या विहारात ठेवल्या गेल्या. करंडकांवर नावं कोरलेली होती, म्हणून तर कुणाच्या अस्थी ते कळलं. गॅसकांडात मेलेल्यांचा, भरपाईच्या हिशेबातला सरकारी आकडा 5,295. गॅसपीडितांच्या संघटना याच्या कितीतरी पट सांगतात. मला आकड्यांच्या त्या भांडणात आजींचाच प्रश्न ऐकू येतो.

गॅसकांड झालं तेव्हा आम्ही पिपलानीत, भेलच्या क्वार्टरमध्ये राहायचो. ती रात्र आम्ही झोपेत काढली. सकाळी दूध आलं नाही, दुसऱ्या दिवशीही आलं नाही. दूध घालणाऱ्यांना आई दूधवाले चाचा म्हणायची, आम्हीही तेच म्हणायचो. हिशेबाच्या वहीतसुद्धा तिनं 'चाचा' एवढंच लिहिलेलं. नंतर दुसरे दूधवाले लागले. आई त्यांना पहिल्याच दिवशी पूर्ण नाव आणि मोहल्ला विचारून बसली, पुढं भाजीवाल्यांना, धोब्यालाही. आम्ही मुलं चिडवायचो. ती उत्तर द्यायची नाही.

यंदा यात्रेकरूंचा गट आला की आधी जे. पी. नगर, मग सांची, असा बेत मी टूरवाल्यांपुढं ठेवलाय. जे. पी. नगरच्या बायका घरातल्या गेलेल्यांची नावं स्वतः सांगतील, मी फक्त भाषांतर करीन. टूरवाले म्हणतात, देवदर्शनाला आलेल्यांना हे नको असतं. मी म्हटलं, त्यांना विचारून तर बघा.